बायकांसाठी निवासी व्यसनमुक्ती, पोटात बाळ असतानासुद्धा: नेहमी येणारे प्रश्न

फोनवर जे प्रश्न येतात ना तेच इथे लिहिलेत, ज्या भाषेत येतात त्याच भाषेत. मी बायकांच्या निवासी केंद्रात काउन्सेलर आहे आणि त्याच्या बऱ्याच आधी अशाच एका केंद्रात पेशंट होते, त्यामुळे काही उत्तरं शिकलेली आहेत आणि काही अंगावर काढलेली. औषधांबद्दल लिहिलंय ते समजण्यापुरतं, डोस ठरवायचं काम डॉक्टरचंच.

आधी घरीच सोडते, जरा माणसात आले की मग येते. चालेल ना?

नाही चालणार. हा प्रश्न पहिला घेतलाय कारण जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये हे वाक्य येतंच. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसं बायका ॲडमिशनच्या आधी स्वतःला आवरायला बघतात. पण रोज भरपूर पिणाऱ्या बाईने दारू एकदम थांबवली तर ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या मध्ये काहींना भास व्हायला लागतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत तेच कळत नाही. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जातो. झोपेच्या नाहीतर घबराटीच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे) महिनोन्महिने चालू असतील तर त्यांचंही तसंच, त्या हळूहळूच उतरवायच्या असतात, कधी कधी कित्येक आठवडे लागतात.

त्यामुळे जशा आहात तशा या. पिऊन आलात तरी कोणी परत पाठवायला नको, फक्त गाडी स्वतः चालवत येऊ नका.

आल्या आल्या काय करतात? कपडे वगैरे काढून तपासतात का?

बॅग तपासतात. माउथवॉश, परफ्यूम, सॅनिटायझर, खोकल्याचं औषध हे सगळं बाजूला ठेवतात कारण बऱ्याच गोष्टींमध्ये अल्कोहोल असतं आणि तलफ आली की माणूस काहीही पितो. फोन पाकिटात घालून वर नाव लिहून कपाटात जातो. अंगाची तपासणी करायचीच असेल तर ती बाईनेच आणि दार लावून.

माझ्या वेळचं सांगते. मी गोळ्यांच्या दोन स्ट्रिप सॅनिटरी पॅडच्या पाकिटात लपवल्या होत्या आणि मला वाटलं जगात हे फक्त मलाच सुचलंय. तिथल्या मावशींनी एक एक पॅड उघडलं, स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या, पॅडची परत तशीच घडी घातली, पाकीट माझ्या हातात दिलं आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. मग नर्सने सांगितलं हात पुढे करा, बोटं पसरा, आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. थरथर डोळ्यांना कमी दिसत असली तरी कागद फडफडतो. त्या कागदाचा आवाज मला अजून आठवतो.

त्यानंतर बीपी, नाडी, रक्त, लघवी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या टेस्ट होतात (तुम्हाला विचारून), आणि दारू असेल तर थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-१ चं इंजेक्शन, कारण ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. प्रेग्नन्सी टेस्ट तर सगळ्यांचीच करायला हवी.

माझी पाळी चार महिने आली नाहीये पण नशेमुळे तसं होतंच ना? मग ती टेस्ट कशाला?

म्हणूनच. गर्द (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइन) किंवा दुसरं कुठलंही ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं ड्रग, घेत असताना पाळी अनियमित होते, थांबतेसुद्धा, त्यामुळे दिवस गेलेत हे कळतच नाही. मळमळ झाली, अंग मोडून आलं की वाटतं माल कमी पडला, टर्की (नशा न मिळाल्याचा त्रास) लागली, आणि बाई अजून थोडं घेते. पाचव्या महिन्यात कळलेल्या किती तरी जणी असतात. आणि उलटंही लक्षात ठेवा, उपचार सुरू झाले की पाळी परत सुरू होऊ शकते आणि पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात, तेव्हा गर्भनिरोधकाचं पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या.

मी गरोदर आहे. मला घेतील का?

घ्यायला हवं, किंबहुना रांगेत सगळ्यात पुढे घ्यायला हवं. काही केंद्रं नाही म्हणतात, त्यांना जबाबदारी नको असते. खरं केंद्र असतं ते एखाद्या हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाशी जोडलेलं असतं, सोनोग्राफीच्या तारखा तेच सांभाळतात आणि रात्री कळा सुरू झाल्या तर कोणाला फोन करायचा हे त्यांच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. नाही म्हणाले तर एवढंच विचारा, मग मी कुठे जाऊ, नंबर द्या. आणि तो मिळेपर्यंत सरळ हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात जाऊन खरं काय ते सांगा. दारू रोजची असेल तर गरोदरपणात ती ॲडमिट होऊनच उतरवायची, घरी नाही.

आता बाळ आहे म्हणून गर्द आजच एकदम बंद केलं. बरोबर केलं ना?

तुमचं मन कळतं, खरंच कळतं. पण असं एकट्याने करू नका. टर्की फक्त तुम्हाला लागत नाही, पोटातल्यालाही त्याचा त्रास होतो, कळा लवकर सुरू होण्याची भीती असते, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे अशा एकदम सोडलेल्या बायका बहुतेक वेळा परत घेतात आणि तेव्हा अंगाची सवय मोडलेली असते, मग जुनाच डोस जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये गरोदरपणातल्या नशेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हेच आहे की ओपिऑइडवर अवलंबून असलेल्या गरोदर बाईला डिटॉक्सच्या (म्हणजे अंगातून नशा पूर्ण उतरवण्याच्या) मागे लागण्यापेक्षा मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर ठेवावं, ही गर्दच्या जागी डॉक्टरच्या देखरेखीत द्यायची औषधं.

म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावायची? आई म्हणते यापेक्षा घरीच बरी.

आईला हे वाचून दाखवा. गर्दमध्ये दिवसातून चार वेळा वर-खाली होतं, कधी चढलेली, कधी टर्कीत, आणि त्याबरोबर बाळही वर-खाली. मेथाडोन रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं मिळतं, धुंदी येत नाही, टर्की लागत नाही, सुई नाही, माल शोधत फिरणं नाही, बाई जेवते, झोपते, तपासणीला जाते. शरीर त्या औषधावर अवलंबून राहतं हे खरंय, ते कोणी नाकारत नाही, पण अवलंबून असणं वेगळं आणि व्यसनाने आयुष्य चालवणं वेगळं.

दोन्हीतलं कुठलं? २०१० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, १७५ गरोदर बायका होत्या त्यात. ब्युप्रेनॉर्फिनवाल्या आयांची बाळं सरासरी १० दिवसांत हॉस्पिटलमधून सुटली, मेथाडोनवाल्यांची साडेसतरा दिवसांनी. मग सगळ्यांना ब्युप्रेनॉर्फिनच द्या असं वाटेल, पण त्याच अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिनच्या गटातल्या ३३ टक्के बायका मधेच सोडून गेल्या आणि मेथाडोनमधल्या १८ टक्के. जे औषध तुम्ही टिकवाल ते चांगलं, आणि मेथाडोनवर आधीपासून व्यवस्थित असाल तर निव्वळ गरोदर आहात म्हणून बदलायचं कारण नाही. ब्युप्रेनॉर्फिन सुरू करताना एक पथ्य असतं, टर्कीची सुरुवात झाल्यावरच पहिली गोळी घ्यायची, आधी घेतली तर तेच औषध जोराची टर्की लावतं.

शेवटच्या महिन्यांत डोस कमी पडतोय असं वाटलं तर सांगा, लाज नाही त्यात. पोट वाढतं, रक्त वाढतं, औषध शरीरातून लवकर जातं, म्हणून डोस वाढवावा लागतो किंवा दोनदा विभागून द्यावा लागतो. ही काही तुमची हाव नाहीये.

कधीतरी एखादा ग्लास वाइन चालते ना गरोदरपणात?

नाही. दारूमुळे गर्भावर होणाऱ्या परिणामांना १९७३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव दिलं, तेव्हापासून आजपर्यंत सुरक्षित असं प्रमाण सापडलेलं नाही, सुरक्षित महिनाही नाही आणि सुरक्षित ब्रँड तर नाहीच.

पण मला माहीतच नव्हतं, पहिले तीन महिने प्यायले मी. आता काय उपयोग?

उपयोग आहे. मेंदूची वाढ पूर्ण नऊ महिने चालू असते, ज्या दिवशी थांबता त्या दिवसापासूनचा फायदा बाळाला मिळतो. किती प्यायले, कधीपर्यंत प्यायले हे प्रसूतीच्या डॉक्टरला खरं सांगा म्हणजे पुढे बाळाची वाढ, नजर, ऐकणं, शिकणं यावर लक्ष ठेवता येतं. अपराधीपणाबद्दल एवढंच सांगेन की तो रात्री दोन वाजता सगळ्यात जास्त बोलतो, त्यावेळी ड्युटीवर जी असेल तिला उठवा. ती त्यासाठीच असते.

सिगारेट आणि गांजा तरी चालू ठेवू का, सगळंच एकदम कसं सोडू?

दोन्हीने बाळाचं वजन कमी भरू शकतं. एकेक सोडलं तरी चालेल पण यादीत दोन्ही ठेवा, आणि निकोटिनच्या पॅचबद्दल डॉक्टरला विचारा.

बाळ व्यसनी जन्माला येणार का?

नाही. व्यसन म्हणजे त्रास होतोय हे दिसत असूनही पुन्हा पुन्हा घेत राहणं, तान्हं बाळ ते कसं करणार. त्याला येऊ शकतात ती औषध बंद झाल्याची लक्षणं, आणि तीसुद्धा प्रत्येकाला येत नाहीत. मेथाडोन असेल तर बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात, म्हणून अशा बाळाला ४ ते ७ दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवून बघतात. बाळ चिरक्या आवाजात रडतं, अंग कडक करतं, थरथरतं, सारखं शिंकतं, भूक असून नीट ओढत नाही.

पूर्वी लगेच एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) न्यायचे आणि दर काही तासांनी लांबलचक गुणतक्ता भरायचे, १९७० च्या दशकात बनलेला. आता बऱ्याच ठिकाणी साधे तीन प्रश्न विचारतात: बाळ पुरेसं पितंय का, झोपतंय का, दहा मिनिटांत शांत होतंय का. त्यावर २०२३ मध्ये २६ हॉस्पिटलांमधल्या १,३०५ बाळांचा अभ्यास आला. जुन्या पद्धतीत ५२ टक्के बाळांना औषध द्यावं लागलं होतं, नव्या पद्धतीत साडेएकोणीस टक्के, आणि घरी सोडण्याइतकी बरी झाली ती १४.९ दिवसांऐवजी ८.२ दिवसांत. आणि या पद्धतीतलं पहिलं औषध कोण? आईच. लाइट मंद केलेली खोली, टीव्ही बंद, बाळ घट्ट गुंडाळलेलं, कपडे बाजूला करून छातीशी धरलेलं. मी एका आईला सलग चार तास तसं बसलेलं पाहिलंय, तिचा पाय बधिर झाला तरी हलेना, म्हणे आत्ताच तर झोपलाय. आदल्या आठवड्यात हीच बाई मला म्हणाली होती की माझ्या हातात बाळ देऊच नका.

अंगावरचं दूध पाजू शकते का, औषध दुधातून जाईल ना?

जातं, पण फार थोडं. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर असाल आणि नशा बंद असेल तर पाजायचं, त्याने बाळाची लक्षणंही कमी होतात. दारू, गर्द वगैरे चालू असेल तर नाही. एचआयव्ही असेल तर डॉक्टरशी बोलून ठरवा, हिपॅटायटिस सी असेल तर पाजता येतं, फक्त स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस थांबायचं. दूध तोडतानाही एकदम नाही, हळूहळू.

डिलिव्हरीत दुखण्याचं इंजेक्शन मिळेल की व्यसनी म्हणून सहन कर म्हणतील?

मिळायला हवं, आणि तुम्ही मागायला हवं. रोजचं मेथाडोन हे कळांचं औषध नाही, ते चालूच ठेवायचं आणि वेदनेसाठी वेगळं द्यायचं, एपिड्युरल (कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन) चालतं. पण एक गोष्ट तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या: पेन्टाझोसिन, ब्युटॉर्फॅनॉल, नॅलब्युफिन देऊ नये, कारण मेथाडोनवर असलेल्या बाईला ही दुखणं थांबवायची इंजेक्शनं ऐन कळांत टर्की लावतात. ड्युटी बदलते, रात्री नवीन डॉक्टर असतो, तेव्हा ते पानच तुमच्या वतीने बोलतं.

बाळ काढून घेतील माझं?

खरं तर हाच प्रश्न सगळ्यांच्या मनात पहिला असतो पण विचारायला धीर होत नाही. नियम जागोजागी वेगळे आहेत म्हणून एक उत्तर देता येत नाही आणि कोणी छातीठोकपणे नाहीच घेणार म्हणालं तर जरा सावध व्हा. ॲडमिशनच्या आधी केंद्रालाच विचारा, काय काय कळवणं तुम्हाला कायद्याने भाग आहे, कोणाला कळवता, मला आधी सांगता का. लेखी मागा. एवढं मात्र आहे की उपचार चालू असल्याचे कागद, तपासणीच्या तारखा, नॉर्मल आलेल्या लघवीच्या टेस्ट हे सगळं तुमच्या बाजूने जातं, लपून राहिलेली बाई मात्र थेट लेबर रूममध्ये रिकाम्या हाताने पोचते.

मोठा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला कुठे ठेवू?

काही केंद्रं ठरावीक वयापर्यंतच्या मुलांना आईबरोबर राहू देतात. आधी विचारा की वयाची अट काय, आई ग्रुपमध्ये बसलेली असताना मुलांकडे कोण बघतं, शाळेचं काय. मुलांसाठी नाही म्हणून अर्ध्यावर परत गेलेल्या बायका मी खूप पाहिल्यात, त्यामुळे याची सोय हा वरखर्च नाही, उपचाराचाच भाग आहे असं माझं ठाम मत.

आणि मुलाला खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल तेवढं. आई आजारी आहे, बरी व्हायला गेलीय, अमुक वारी भेटेल. परदेशी गेलीय वगैरे सांगू नका, मुलांना कळतं.

फक्त बायकांचंच केंद्र का शोधायचं? मिक्स चालत नाही?

चालतं काहींना. पण शरीरच बघा, बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते, आणि पहिल्या घोटापासून यकृत बिघडेपर्यंतचं अंतर पुरुषापेक्षा कमी वर्षांत कापलं जातं. त्यातून बऱ्याच जणींच्या व्यसनामागे मारहाण किंवा लहानपणीचे अत्याचार असतात, बऱ्याच जणींना नशा पहिल्यांदा नवऱ्याने नाहीतर मित्राने दिलेली असते. ते सगळं वीस पुरुषांच्या ग्रुपमध्ये गोल बसून कशी सांगेल ती? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची (दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाची) सुरुवात १९३५ ला झाली तेव्हा ती मुख्यतः पुरुषांचीच होती, आणि १९७५ मध्ये खास बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी निघालं ते याच कारणाने, की तिथली अहंकार मोडण्याची भाषा ज्यांचा स्वाभिमान आधीच मोडलाय त्यांना लागू पडेना.

किती दिवस राहावं लागतं? महिनाभरात होतं का?

डिटॉक्स बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत उरकतं आणि तिथेच सगळ्यांना वाटतं झालं. ९० दिवसांपेक्षा कमी उपचाराचा परिणाम फारसा टिकत नाही असा अनुभव आहे. पोटात बाळ असेल तर बाळंतपणानंतरचे काही महिनेही धरूनच जागा मागा.

बायकोला न सांगता जेवणातून सोडायची पावडर देऊ का? खूप जण देतात म्हणे.

दादा, नका देऊ. त्यात बहुतेक वेळा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना ती प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या, बीपी एकदम पडतो, जिवावरही बेततं, आणि तिला माहीतच नसेल तर ती टाळणार कशी. गरोदर असेल तर प्रश्नच नाही. शिवाय ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी तुमच्या हातचं खाणं बंद करेल आणि तुमचं ऐकणंही. तुम्हाला स्वतःला कोणाशी तरी बोलायचं असेल तर अल-अनॉन आहे, १९५१ पासून घरच्यांसाठीच चालतं ते.

केंद्र चांगलं आहे की फसवं कसं ओळखू?

आधी जाऊन बघा आणि रात्रीबद्दल विचारा. दिवसा सगळेच छान असतात. रात्री बायकांच्या मजल्यावर कोण असतं, चावी कोणाकडे असते, डॉक्टर फोनवर येतो की प्रत्यक्ष, फिट आली तर ऑक्सिजन आहे का. बांधून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं, केस कापणं याला शिस्त म्हणणारे लोक भेटले तर तिथूनच परत फिरा. मी पहिल्यांदा जिथे गेले होते (नाव नाही लिहीत) तिथे घरी फोन करू द्यायचे पण शेजारी माणूस उभा करून, आणि तक्रार केली की फोन बंद. तेव्हा एकटीने, दार लावून घरच्यांशी बोलता येतं का हे नक्की विचारा. आणि १०० टक्के बरं करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

परत घेतलं तर? सगळं वाया?

वाया काही नाही, पण धोका आहे आणि तो उलट्या बाजूने आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरते, मग जुनाच डोस घेतला तर तोच जीव घेतो. ओपिऑइडवाल्या प्रत्येकीच्या घरी नॅलॉक्सोन (ओव्हरडोस उतरवणारं औषध) असावं आणि ते द्यायचं कसं हे घरच्यांना माहीत असावं, श्वास बंद पडत असेल तर गरोदर बाईलाही द्यायचं, आधी आईचा श्वास.

बाळंतपणानंतर जास्त जपा. गरोदर असताना सगळे विचारपूस करतात, बाळ झालं की सगळं लक्ष बाळाकडे, आईची झोप गेलेली, तपासण्या संपलेल्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला २०१८ चा अभ्यास आहे, ओव्हरडोस सगळ्यात कमी शेवटच्या तिमाहीत आणि सगळ्यात जास्त बाळ ७ ते १२ महिन्यांचं असताना. म्हणजे बारसं होऊन गेल्यावर, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर. त्या महिन्यांसाठी आत्ताच एक माणूस ठरवून ठेवा जो दर आठवड्याला बाळाचं नाही, तुमचं विचारेल.

येताना काय आणू?

सैल कपडे, आधीचे रिपोर्ट, सोनोग्राफी झाली असेल तर ती फाइल, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या मूळ स्ट्रिपसकट, डॉक्टरने दिलेल्या आणि न दिलेल्यासुद्धा. पॅडच्या पाकिटातल्या दारातच देऊन टाका, मावशींना तेवढीच घडी घालायची कमी.